म्हातारी ट्रकमध्ये बसली तर

कादिरने जेवणाआधीच विषय काढला, तेव्हाच तबस्सुमच्या लक्षात आलं की आज भाबीची सांदणं कुणाच्या घशाखाली उतरणार नाहीत.

जुम्म्याची नमाज आटोपून सगळे जेद्दाच्या अझीझियातल्या कादिरच्या फ्लॅटवर जमले होते, दर जुम्म्याला जमायचे तसेच. ताजुन्निसाभाबीने दस्तरखान अंथरलं होतं, मटणाच्या पातेल्यावरचं झाकण नुकतंच निघालं होतं. कादिरने हात धुतले, टॉवेलला पुसले आणि खाली न बसता भाच्यासमोर मोबाईल धरला.

"हा तूच ना?"

उसामाने मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच आहे, मामू."

व्हिडिओ एव्हाना सगळ्यांनीच पाहिला होता. कॉर्निशवर, किनाऱ्याच्या रस्त्यावर, समुद्राकडे पाठ करून काही पठाण पोरं उभी होती आणि त्यांच्या मध्ये उसामा. आधी उर्दूत, मग अडखळत पश्तोत तो बोलत होता. वझिरिस्तानातलं आमचं तोरवाम गाव रिकामं करू नका. फौजेला मोहीम काढायची तर आमच्या घरांवरूनच का? गेल्या खेपेला गेलो आणि परतलो तेव्हा डोंगराला कुंपण होतं. डोंगराच्या पोटातलं तांबं आणि डोंगरावरचं चिलगोझ्याचं रान गावाचं आहे. उचलून नेलेली माणसं परत द्या. बोलताना त्याचा आवाज एकदा फाटला होता, आणि तोच तुकडा लोक पुन्हा पुन्हा पाठवत होते.

"इथं माणसं जमवून असलं काही करायला बंदी आहे, हे जेद्दात जन्मलेल्या पोराला मी शिकवायचं?" कादिर म्हणाला. "अबू रायनच्या मुलाने मला पाठवलाय हा. कफीलच्या घरात पोचला म्हणजे आणखी कुठंकुठं पोचला असेल, विचार कर जरा."

"मी खोटं काय बोललो?"

"खरं बोललास म्हणूनच सांगतोय ना! खोटं असतं तर हसून सोडलं असतं लोकांनी."

तबस्सुम भावाकडे बघत राहिली. तो ओरडत होता, पण त्याचा डावा हात सारखा कुर्त्याची कड चाचपत होता. घाबरला की लहानपणापासून तो असंच करायचा. बलदच्या जुन्या बाजारातलं दुकान दोघांचं होतं. अर्ध्या भागात कादिरची इहरामची वस्त्रं, तसबीहच्या माळा आणि अत्तरं, अर्ध्या भागात तिच्या पठाण नवऱ्याचे, मीरबाझचे, अक्रोड आणि चिलगोझे, पाइनच्या शंकूतल्या त्या लांबट बिया. त्यांचा मुलगा उसामा दोन्हीकडे बघायचा. पण दुकान कागदोपत्री त्यांच्या कफीलच्या, म्हणजे सौदी जामीनदाराच्या, अबू रायनच्या नावावर होतं आणि तिघांचेही इकामे, राहण्याचे परवाने, त्याच्याच हातात. एकाचा पाय घसरला की तिघंही खाली, आणि तिघांच्या मागे दोन घरं.

"बसा आधी," भाबी म्हणाली. "उसामा, तो व्हिडिओ काढून टाक बाबा. मामूचं ऐक."

"मामी, I can't. आता तो माझ्याकडे राहिलाच नाहीये."

मीरबाझने सांदणाचा तुकडा मोडला होता, तो तसाच ताटात पडून होता. रुंद खांद्यांचा माणूस, पण आज भिंतीला टेकून बसला होता तो एखादं ओझं टेकवून ठेवल्यासारखा. सकाळपासून तबस्सुम त्याला विचारत होती आणि तो "काही नाही" म्हणत होता.

"तू का बोलत नाहीस?" कादिर त्याच्याकडे वळला. "सांग की पोराला! की मी सांगू, सकाळी दुकानात कुणाचा फोन आला होता ते?"

तबस्सुमने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर उचलली नाही.

इतकी वर्षं बायकोच्या माहेरच्या, कोकणातल्या दाभोळच्या माणसांच्या संगतीत राहून मीरबाझ मराठी शिकला होता, पण बाई-पुरुषाचा घोळ त्याच्या जिभेवरून कधी गेला नाही. पोरं लहान असताना त्यावरून हसून लोळायची.

"मलिकचा फोन होता," तो म्हणाला. "गावाकडून. माझी भाऊ जिवंत आहे."

कुणी हसलं नाही.

तबस्सुमचा धाकटा दीर नौरोझ शाळामास्तर होता. गाव रिकामं करा असं फौजवाले भोंग्यावरून सांगून गेले, त्यावर तोरवामचे लोक रस्त्यात बसले आणि त्या बैठकीतून नौरोझला आणि आणखी काही जणांना उचलून नेलं. कुठं नेलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. मीरबाझच्या तोंडचं पाणी तेव्हापासूनच पळालं होतं.

"मग ही तर चांगली बातमी आहे!" भाबी म्हणाली.

"ऐका पुढे." मीरबाझने मोडक्या मराठीचा नाद सोडला आणि उर्दूत सांगायला लागला. मलिक म्हणजे सरकार आणि गाव यांच्यामधला माणूस. तो म्हणाला, इतवारी ट्रक निघतील. तुझ्या आईला ट्रकमध्ये बसव. ती बसली की नौरोझ त्याच संध्याकाळी घरी येईल. शब्द देतो.

"एका म्हातारीसाठी?" भाबीला कळेना.

"एका म्हातारीसाठी नाही, मामी," उसामा म्हणाला. "आजी दारात बसलीये म्हणून बाकीच्या बायका बसल्यात. ती उठली की सगळं गाव उठेल. त्यांना ते बरोबर माहीत आहे."

तबस्सुमला ते सांगायची गरज नव्हती. गेल्या मोहिमेत सासू निघाली होती. तिला सांगितलं होतं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. सासरा तिकडे बन्नूच्या छावणीत, तंबूतच गेला आणि त्याला परक्या मातीत पुरावं लागलं. वर्षं लोटल्यावर परत गेले तर घराचं छप्पर गायब, रानात जायच्या वाटेवर पहारा आणि डोंगराला कोरत चाललेले डंपर. आपल्याच झाडांचे शंकू पाडायला परवानगी मागायची वेळ आली. तेव्हा झरमीनाने, म्हणजे सासूने, फोनवर मुलाला सांगितलं होतं की आता मी या गावातून फक्त चौघांच्या खांद्यावरून जाईन.

"आई माझं ऐकत नाही," मीरबाझ म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याने बायकोकडे बघितलं. "तुझं ऐकेल."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

हजला आली होती तेव्हा सासू आजारी पडली होती आणि तबस्सुमने तिचं सगळं अंथरुणातच केलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. म्हातारीने तिला आदे, म्हणजे आई, इथपासून पश्तो शिकवली, हिने तिला गरम पाणी, दुखतं का, झोपा आता, एवढं दाभोळचं मराठी शिकवलं. त्या आधी झरमीनाला ही हिंदुस्तानी सून नको होती. त्यानंतर घरातली कुठलीही गोष्ट ती सुनेला विचारल्याशिवाय करत नसे. पण सून तिच्या गावात कधी पाऊल ठेवू शकली नव्हती. तबस्सुमच्या पासपोर्टवर तिथला व्हिसा मिळण्यासारखी परिस्थिती कधी आलीच नाही.

"असरच्या नमाजीनंतर तिला टेकडीवरच्या घरात आणतील," मीरबाझ म्हणाला. "गावात नेटवर्क बंद केलंय, तिथं थोडं लागतं. तू एवढंच सांग, आदे, निघा."

"अम्मी, नाही सांगायचं!" उसामा ताडकन उठला.

"तुझ्या काकाचा जीव आहे तो!" मीरबाझ ओरडला. पोरावर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. "कॉर्निशवर उभं राहून बोलायला सोपं आहे!"

उसामा चपला पायात अडकवून जिन्याकडे गेला. दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. तबस्सुमला तेच जास्त लागलं.

*

असरला अजून वेळ होता आणि घरात कुणाला जागेवर बसवत नव्हतं. मीरबाझ खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होता. तबस्सुम स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. घासलेलीच पातेली ती परत घासतेय हे बघून भाबीने तिच्या हातातून काथ्या काढून घेतला.

"मी असते ना गो, तर सरळ खोटं बोलले असते," भाबी म्हणाली. "सांगितलं असतं, मीरबाझ आजारी आहे, तुम्ही शहरात या, तो तिथं येतोय. म्हातारी धावत ट्रकमध्ये बसली असती. पोरगा सुटला की मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत."

"आणि बाकीच्यांची पोरं?"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील." भाबीने नळ उगाच उघडला, बंद केला. तिचा स्वतःचा मुलगा अबकैकला तेलाच्या प्लांटवर होता आणि दोन दिवस फोन लागला नाही तरी ती जेवत नसे. "नाय," ती स्वतःशीच म्हणाली. "बाकीच्यांच्या आया त्याच गल्लीत राहतात, नाय का? रोज तोंड बघायचं."

तेवढ्यात कादिर आत आला. बायकोने बाहेर जावं अशा बेताने तो उभा राहिला, पण ती गेली नाही.

"तबू, मी वाईट माणूस नाय," तो म्हणाला. "मला पण त्या लोकांचं वाईट वाटतं. पण जमीन काय, डोंगर काय, माणूस असेल तर सगळं. आपली खाडीकाठची वाडी गेली जेट्टीसाठी, मी सही करून दिली. कोण मेलं त्यात?"

"मला विचारलं नव्हतंस, भाई."

"तू इथं होतीस. आणि विचारून काय, तू नायच म्हणाली असतीस."

"हो."

"मग!"

"मग नाय म्हणाले असते ते तरी राहिलं असतं."

"दोन घरं जेवतात त्या दुकानावर," कादिर म्हणाला, "घरी पैसे पाठवतो ते वेगळंच. म्हातारी उठली, गाव उठलं, की पोराचा व्हिडिओ पण लोक विसरतील. कफीलला मी समजावीन. सगळंच मिटेल, गो. एका फोनचं तर काम आहे."

"तुम्हीच करा की मग फोन," भाबी म्हणाली.

कादिरने चमकून बायकोकडे पाहिलं. मघाशी जेवायला बसताना ती त्याच्या बाजूची होती. तो तसाच बाहेर निघून गेला.

तबस्सुम जिन्यात आली. उसामा खालच्या वळणावर पायरीवर बसला होता. ती त्याच्या शेजारी टेकली. उकाड्याने भिंत तापली होती. वरून कुणाच्या तरी घरातल्या कॉफीचा, वेलदोड्याचा वास येत होता.

"नौरोझकाकाने मला झाडावर चढायला शिकवलं," उसामा म्हणाला. "मी तिथं दोनदाच गेलोय आणि दोन्ही वेळा त्याच्या खांद्यावर बसून. अब्बांना वाटतं मला त्याचं काही नाही."

"त्यांना तसं वाटत नाही. त्यांना भीती वाटते."

"मला पण वाटते. I'm so scared, अम्मी. तू 'निघा' म्हणालीस आणि तो सुटला, तर मला आनंद होईल. आणि मग मी कुणालाच तोंड दाखवू शकणार नाही." त्याने तोंड गुडघ्यात घातलं. "तू काय बोलणार आहेस?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

*

फोन बराच वेळ लागला नाही. मीरबाझ लावत राहिला, पलीकडून पुन्हा पुन्हा तीच बाई उर्दूत नंबर बंद असल्याचं सांगत राहिली. आणि सगळ्यांनी आशा सोडता सोडता एकदम वाऱ्याचा आवाज आला, माणसांचा गलका आला आणि मग म्हातारीचा खोकला.

"तबसुमा?"

मीरबाझने फोन स्पीकरवर टाकून बायकोच्या हातात दिला.

"आदे, सलाम. कशा आहात? गुडघा?"

"गुडघा माझ्याआधी जाणार." झरमीना हसली. मग म्हणाली, "ट्रक खाली येऊन उभे राहिलेत. बायका माझ्या दाराकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे बघते. तू कशाला फोन केलास ते सांग. या माणसांना मला टेकडीवरून परत खाली न्यायचंय."

सासूला कळेल तेवढ्या उर्दूत आणि स्वतःच्या मोडक्या पश्तोत तबस्सुमने सांगायला सुरुवात केली. "आदे, तुम्ही निघा असं मी तुम्हाला सांगावं म्हणून मला बसवलंय." मीरबाझने श्वास ओढला. "पण का, ते आधी ऐका. नौरोझ जिवंत आहे."

पलीकडे कुणीतरी धडपडत उठल्याचा आवाज आला.

"तुम्ही ट्रकमध्ये बसलात तर त्याला त्याच दिवशी सोडतील. मलिकने शब्द दिलाय."

कादिरने डोळे मिटून घेतले. भाबीने पदर तोंडाशी धरला. वारा वाहत राहिला आणि तबस्सुमला वाटलं फोन तुटला.

"एकट्याला?" म्हातारीने विचारलं.

"एकट्याला."

"आणि हवागुलचा मुलगा? माझ्या शेजारी बसलीये ती. तिचा?"

"त्याचं नाव नाही घेतलं."

पलीकडे कुणीतरी कुजबुजलं. म्हातारीने तिला गप्प केलं. "तू आई आहेस," ती म्हणाली. "तुझा मुलगा असता तर तू काय केलं असतंस?"

तबस्सुमने समोर पाहिलं. उसामा दारात उभा होता, चौकटीला धरून. खोटं बोलता येईना.

"मी धावत जाऊन बसले असते, आदे. कुणाकडे न बघता."

"हं," म्हातारी म्हणाली. "मी पण मघाशी उठलेच होते, तू सांगितलंस तेव्हा. हवागुलने मला धरलं नाही. तिने बाजूला होऊन वाट दिली." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "वाट दिली तिने, तबसुमा. त्यामुळे मला ट्रकमध्ये बसता येत नाही."

मीरबाझ खाली वाकला आणि फोनजवळ तोंड नेऊन पश्तोत भरभर बोलू लागला. तबस्सुमला त्यातलं भावाचं नाव आणि 'अल्लाच्यासाठी' एवढंच कळलं. म्हातारीने त्याला बोलू दिलं. मग मुलाला नाही, सुनेला सांगितलं.

"मलिकला कळव. सगळ्यांची पोरं घेऊन या. मग आम्ही बायका बसून ठरवू, निघायचं की नाही. आणि मीरबाझला सांग, इकडे यायचं नाही. आला तर त्यांच्याकडे माझे दोन होतील."

वाऱ्याचा एक झोत आला आणि फोन बंद पडला. मीरबाझने परत लावला, परत लावला. मग भिंतीकडे तोंड करून तो रडायला लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा. उसामा त्याच्याजवळ गेला तेव्हा त्याने पोराला ढकललं नाही.

"निघा म्हणायचं होतंस," कादिर हळूच म्हणाला. "एवढंच तर काम होतं."

"गप्प बसा आता," भाबी म्हणाली.

*

पुढचे दिवस मीरबाझ बायकोशी बोलला नाही. जेवायचा, दुकानात जायचा, परत यायचा. ती ताट वाढायची, तो उचलायचा. इतवारी ट्रक निघाले आणि तोरवाममधली खालच्या आळीची घरं त्यात बसून गेली. वरची आळी राहिली, झरमीनाभोवती. मोहीम सुरू झाली नाही आणि रद्दही झाली नाही. पंचांचा जिरगा बसला, उठला, परत बसला. शेवटी काही पोरं सुटून आली. त्यात हवागुलचा मुलगा होता. नौरोझ नव्हता. पण त्या पोराने येऊन सांगितलं की मास्तर बाजूच्याच खोलीत होता, रात्री मोठ्याने पाढे म्हणायचा, म्हणजे बाकीच्यांना कळावं की तो आहे.

ते ऐकलं त्या दिवशी मीरबाझ स्वयंपाकघरात आला आणि भाकऱ्या थापणाऱ्या तबस्सुमच्या मागे उभा राहिला.

"माझा आई बरोबर होता," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तू पण. पण मला माफ करता येत नाही अजून. थोडी थांब."

"थांबते," ती म्हणाली.

कफीलचं मात्र थांबण्यासारखं नव्हतं. अबू रायन वाईट माणूस नव्हता, त्यालाही वरून विचारणा होईल अशी धास्ती होती. कादिर त्याच्याकडे दोनदा जाऊन बसला आणि तोडगा घेऊन आला. दुकान राहील, दोघांचे इकामे राहतील, पण पोराला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं देशाबाहेर. कुणी येऊन विचारायच्या आत त्याने आपण होऊन जावं. उसामाचा पासपोर्ट बापाच्या देशाचा, तेव्हा जायचं कुठं हा प्रश्नच नव्हता. ज्या शहरात तो जन्मला, ज्याच्या गल्ल्या त्याला झोपेत पाठ होत्या, तिथून त्याने एक बॅग भरली. तबस्सुमने लोणचं दिलं, ते त्याने काढून ठेवलं, मग परत घातलं.

कराचीत कादिरच्या ओळखीचा एक व्यापारी होता. कादिरने त्याच्याकडे खोली ठरवली, काम ठरवलं, त्याला चारचारदा फोन करून पोराला उत्तरेकडे जाऊ देऊ नकोस म्हणून बजावलं. उसामाने सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

विमानतळावर सगळेच गेले. उमरा करून परतणाऱ्यांची गर्दी होती, झमझमच्या पाण्याचे डबे ट्रॉल्यांवर रचलेले. मीरबाझने मुलाला मिठी मारली आणि इतका वेळ सोडलं नाही की मागचे लोक वळसा घालून जायला लागले. भाबीने कुराणातलं काहीतरी पुटपुटून त्याच्यावर फुंकर मारली. कादिर त्याला पुन्हा एकदा कराचीचा पत्ता सांगत होता.

"मामू, आहे माझ्याकडे," उसामा म्हणाला आणि त्याच्या गळ्यात पडला. कादिरला ते अपेक्षित नव्हतं. त्याचे हात क्षणभर हवेतच राहिले, मग पोराच्या पाठीवर आले.

मग उसामा आईजवळ आला. तिला काय काय सांगायचं होतं. कराचीतच राहा. गप्प राहा. आजीकडे जाऊ नकोस, मला तिथं येता येत नाही, तुझ्या मागे कोण येणार. तो वाट बघत उभा होता. ती बोलली असती तर त्याने मान हलवली असती, तिला ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. तिने त्याची कॉलर सरळ केली.

"पोचलास की फोन कर," ती म्हणाली. "कुठंही पोचलास तरी."

तो आत गेला. काचेपलीकडे बराच वेळ त्याचा निळा शर्ट दिसत राहिला, मग तसलेच आणखी निळे शर्ट आले.

"एकदा तरी सांगायचं होतंस त्याला," परत फिरताना कादिर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "कराची सोडू नकोस, एवढं एक वाक्य. तुझं ऐकलं असतं त्याने."

"ऐकलं असतं, भाई," तबस्सुम म्हणाली. "म्हणून तर नाय सांगितलं."